सूतभर जागा

आमचं जुनं घर तीन खणांचं होतं. कराडच्या पश्चिमेला, कोयनाकाठच्या गावात. भिंती मातीच्या, वर कौलं, आणि सगळा भार लाकडावर. मधल्या खणात एक मेढ होती, सागाची, आठ इंची चौरस. आज्याच्या हातची. तिला टेकून आज्या बसायचा, मग आमचे आबा बसायला लागले, मग मी. बसून बसून पाठीच्या उंचीवर मेढ गुळगुळीत झाली होती आणि तेल लावल्यासारखी चमकायची.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. झोपेतच आईनं ओढत अंगणात आणलं. भिंतीची माती ढासळत होती, कौलं पडत होती आणि आत लाकडं करकरत होती. उजाडल्यावर बघितलं तर मागली भिंत बसलेली, पण मेढी, तुळया, सगळा सांगाडा जागच्या जागी उभा. आबांनी मेढीला हळदकुंकू लावलं. त्या दिवसापासून आमच्या घरात मेढ ही नुसती मेढ राहिली नाही. काही महत्त्वाचं बोलायचं झालं की तिच्यावर हात ठेवून बोलायचं, असा रिवाज पडला.

१९७६ साली मी दहावी पास झालो. आमच्या घरात तेवढं शिकलेला पहिलाच. हेडसर घरी आले. आबांना म्हणाले, "पोरगा हुशार आहे. पुढं शिकवा. मास्तर तरी होईल." आबांनी चहा पाजला, सर गेले, आणि रात्री जेवणं झाल्यावर मला मेढीजवळ बोलावलं.

"हात ठेव हितं," म्हणाले. "आन् म्हण, मी हे घर आन् ही जमीन सोडून जाणार न्हाई."

मी हात ठेवला आणि म्हणलं. सोळा वर्षांच्या पोरानं बापापुढं दुसरं काय म्हणायचं?

आबांना मी वाईट म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी विहिरीचा तळ बघितला होता. बैलं विकली होती, खडी फोडली होती, रेशनच्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या होती. गावातली कितीतरी माणसं त्या साली मुंबईला गेली ती परत आलीच नाहीत, त्यांच्या रानात कुसळं उगवली. आबांच्या मनात ती भीती बसली होती. त्यांनी मला बांधलं ते द्वेषानं नव्हे, भीतीपोटी बांधलं. हे मला आज कळतं. त्या वेळी एवढंच कळलं, की हेडसरांच्या सायकलची घंटी पुन्हा आमच्या दारात वाजणार नाही.

मी शब्द पाळला. चाळीस वर्षं पाळला. त्याचा अभिमानही धरला आणि खरं सांगायचं तर आतल्या आत थोडी चीडही धरली. ही दोन्ही एका माणसात सुखानं राहतात, हे शेती करणाऱ्याला सांगायला नको.

पुढं मला दोन पोरं झाली. थोरला इंजिनिअर झाला आणि पुण्याला गेला. त्याला मी अडवलं नाही. आपलं राहिलं ते त्यानं करावं असं वाटलं. पण तो गेल्याबरोबर माझ्याही पोटात आबांचीच भीती उठली. धाकटा नुकता बारावी झाला होता. त्याला कराडला आयटीआयला जाऊन डिझेल मेकॅनिक व्हायचं होतं. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बिघडला की हे पोरगं जेवण सोडून त्याच्याखाली शिरायचं. २००७ सालच्या एका रात्री मी त्याला मेढीजवळ बोलावलं.

"हात ठेव हितं," मी म्हणालो.

त्यानं हात ठेवला.

मधल्या खोलीत ही उभी होती. माझी बायको. तिनं काही म्हटलं नाही. नुसतं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली.

२०२१ साली घर पाडायचं ठरलं. भिंतींना ओल धरत होती, २०१९ च्या महापुरानंतर तर मागची बाजू उभी राहणंच मुश्किल झालं होतं. स्लॅबचं घर बांधायचं म्हणून थोरल्यानं पैसे दिले. कौलं उतरवायच्या आदल्या दिवशी धाकट्यानं विषय काढला. रस्त्याकडेला एक गाळा भाड्यानं मिळत होता, त्याला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज टाकायचं होतं. दोन एकर वाट्यानं द्यावी म्हणाला.

मी म्हणालो, "तू शपथ घेतलीय. मेढीवर हात ठेवून."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मेढ तर तुम्हीच उद्या पाडाय काढलीया, तात्या."

त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा थांबला. भांडण नाही, शिवी नाही. सकाळी रानात जायचा, मोटर चालू करायचा, संध्याकाळी दूध घालायचा, सगळं करायचा. फक्त माझ्याशी बोलायचा नाही. एका घरात असं नऊ महिने चाललं.

मेढ मी वाया जाऊ दिली नाही. वखारीत नेऊन कापून आणली. मधला गाभा सोडून दोन्ही अंगांच्या चार फळ्या निघाल्या. कापताना असा वास सुटला, जणू झाड कालच पाडलंय. थोरला म्हणाला, "तात्या, माझ्या घरी टेबल करू याचं. आजोबांची आठवण राहील." त्याच्या फ्लॅटमधलं सगळं सामान प्लायवुडचं. टेबलाचा खालचा सांगाडाही प्लायचाच करायचा, दोन्ही बाजूंना ड्रॉवरचे खण, आणि वर आमच्या मेढीच्या तीन फळ्या जोडून पाच फूट लांब, दोन फूट रुंद पाट बसवायचा, असं ठरलं.

श्रावणात काम निघालं. मी मुद्दाम पुण्याला गेलो. काम करणारा कारागीर तरणा पोरगा होता, हात साफ होता. पाट सांगाड्यावर ठेवून तो कडेनं चार स्क्रू मारायला लागला तसं मी म्हणालो, "एवढ्यानं काय होतंय? आमच्या घराचं लाकूड आहे ते. चांगलं घट्ट बसव. जन्मात हलता कामा नये." त्यानं माझ्याकडं बघितलं, थोरल्याकडं बघितलं, खांदे उडवले, आणि प्लायच्या सगळ्या कडांवर फेविकॉल ओतून, पाट दाबून, खालून सोळा स्क्रू आवळले. मी स्वतः मोजले. समाधान वाटलं.

पुढच्या एप्रिलात मी आणि ही पुण्याला होतो. त्या खोलीत एसी. रात्री कधीतरी काडकन आवाज झाला. मला वाटलं, बाहेर कुणाचं तरी काहीतरी फुटलं. सकाळी सूनबाई म्हणाली, "तात्या, बघा हो हे." उजव्या टोकापासून हातभर लांब चीर गेली होती. रुपयाचं नाणं उभं सरकेल एवढी रुंद. भूकंपात उभी राहिलेली मेढ पुण्याच्या फ्लॅटमध्ये, काही भार नसताना, फाटली होती.

मी त्या कारागिराच्या नावानं बोलायला लागलो. थोरला म्हणाला, "लाकूडच जुनं, सुकलेलं असेल." ही म्हणाली, "गावाकडं नानांना विचारा की."

आमच्या गावचे सुतारनाना पंच्याहत्तरीचे. बलुत्याच्या काळात त्यांच्या वडलांनी गावाची सगळी आउतं भरली. मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "डकवलंय का?" मी म्हणालो, "हो, आणि सोळा स्क्रू." पलीकडून हसल्याचा आवाज आला. "मग फाटंल न्हाई तर काय करंल तात्या ते?"

चार दिवसांनी नाना एसटीनं आले. गोणपाटात रंधा, पटाशी, करवत, गुण्या बांधलेला. टेबलाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, चिरेवरनं बोट फिरवलं. मग चहा पिता पिता मला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत इथं लिहितो, कारण ते फक्त टेबलापुरतं नाही.

लाकूड झाड असताना पाणी पितं आणि तोडल्यावरही ती सवय सोडत नाही. पावसाळ्यात हवेतला ओलावा घेऊन फुगतं, उन्हाळ्यात तो सोडून आकसतं. पण फुगतं ते रुंदीत, म्हणजे आडव्या अंगानं. लांबीत ते जवळपास हलतच नाही. दोन फुटी सागाचा पाट वर्षाकाठी सूत-दीड सूत इकडचा तिकडं होतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सगळ्या लाकडांत साग कमी हलणारा, तरी एवढा हलतो.

प्लायचं तसं नाही. त्यात लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले असतात, एकाची रेघ उभी तर त्याच्यावरच्याची आडवी. उभ्याला आडवं हलू देत नाही, आडव्याला उभं हलू देत नाही. म्हणून बारा महिने प्लाय आहे त्या मापाचा राहतो.

"आता इचार करा," नाना म्हणाले. "खालचा हलत न्हाई, वरचा हलल्याबिगर ऱ्हात न्हाई, आन् तुम्ही दोघास्नी डकवून टाकलं. त्येबी श्रावणात, लाकूड पार फुगल्यालं असताना. उन्हाळ्यात ते आकसाय लागलं, तर त्येनं जावं कुठं? सोळा जागी धरल्यालं. मग ज्या जागी अंगात कमी बळ, तिथं फाटलं."

मी म्हणालो, "पण नाना, शंभर वर्षांचं लाकूड. मुरलेलं. ते अजून कशाला हलतंय?"

"गाडीची चाकं आठवतात का? उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव सैल पडायची, तवा तुमचं आबा चाकं वढ्यात टाकायचं का न्हाई? ती चाकं काय नवी हुती? लाकूड म्हातारं हुतं, तात्या, पर हवा वळखायचं इसरत न्हाई."

मग मी कारागिराला दोन शब्द आणखी बोललो. नाना म्हणाले, "त्येला कशाला? त्यो चार स्क्रू मारत हुता म्हणता न्हवं? सोळा कुणी सांगितलं?"

मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी नानांनी काम सुरू केलं. स्क्रू निघाले पण डकवलेलं निघेना. पातळ करवत घालून, पटाशीनं ठोकत ठोकत पाट सोडवायला अर्धा दिवस गेला. सुटताना प्लायचा वरचा पापुद्रा जागोजागी निघून आला. पाट दोन्ही अंगांनी हवा लागेल असा भिंतीला उभा केला आणि तीन दिवस हात लावला नाही. मग चिरेच्या रेघेवरच पाट उभा कापला, दोन्ही कडा रंध्यानं सरळ केल्या आणि एकमेकींना डकवल्या.

मी म्हणालो, "आता कसं डकवलं?"

"ही दोघं एका रेघंची हाईत. फुगताना दोघं एका दिशेनं फुगणार, आकसताना दोघं मिळून आकसणार. त्यांना डकवलं तरी भांडण न्हाई. भांडण हाय ते हलणाऱ्याचं आन् न हलणाऱ्याचं."

मग सांगाड्याच्या वरच्या प्लायच्या पट्ट्यांना भोकं पाडली. पुढच्या कडेला गोल, स्क्रूच्या मापाची. मधली आणि मागची मात्र लांबट, पुढून मागं जाणारी. त्यांत वायसर घालून स्क्रू बसवले. डोकं टेकलं की थांबायचं, वरती पिळायचं नाही. फेविकॉलचा थेंब नाही. पाटाच्या खालच्या अंगालाही पॉलिश मारलं, कारण एका अंगानं पाणी पिणारं आणि दुसऱ्या अंगानं न पिणारं लाकूड वाकतं. भिंतीपासून टेबल बोटभर पुढं ठेवलं, पाट मागं सरकला तर जागा असावी म्हणून.

मला राहवेना. "नाना, सैल ठेवलं तर हलेल की हे."

"उचलून बघा."

मी दोन्ही हातांनी पाट उचलून बघितला. सगळं टेबल उचललं गेलं, पाट तसूभर सुटला नाही. बाजूनं ढकलला, हलला नाही.

"स्क्रूचं काम धरून ठेवायचं," नाना म्हणाले. "अडवायचं न्हवं. पुढच्या कडंला पक्का धरलाय, म्हंजी पाट जागा सोडणार न्हाई. मागं त्येला सूतभर जागा ठिवलीया, म्हंजी त्यो फाटणार न्हाई. दोन्ही पायजे. नुसतं पक्कं केलं तर फाटतंय. नुसतं सैल केलं तर त्यो पाट न्हवं, वर ठिवल्याली फळी."

त्या रात्री मला झोप आली नाही. धरून ठेवणं आणि अडवणं ह्यात फरक आहे, ही गोष्ट साठी उलटल्यावर एका सुतारानं मला शिकवावी याची लाज वाटत नव्हती. लाज वेगळ्याच गोष्टीची वाटत होती. ती मला आधीपासून माहीत होती.

आबांनीच शिकवलं होतं. मी लहान असताना एकदा वळवाचा पाऊस आला. म्हैस बाहेर बांधलेली. आबा भिजत पळाले आणि आधी तिचं चऱ्हाट सैल केलं. मला म्हणाले, "भिजलं की चऱ्हाट आखडतंय. उन्हात बांधल्याली गाठ पावसात गळ्याला बसती. बांधतानाच चार बोटं ढील ठेवायची." जू बसवताना हात घालून बघायचे, बैलाचा खांदा येऊ नये म्हणून. जनावराच्या गळ्यात चार बोटं ढील ठेवणाऱ्या माणसानं पोराच्या गळ्यात बोटभरही ठेवली नाही. आणि मीही नाही.

असं का होतं, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, आपण ज्या ऋतूत गाठ मारतो, त्या ऋतूचं माप आपल्याला कायमचं वाटतं. श्रावणात पाट बसवणाऱ्याला वैशाख आठवत नाही. आबांनी मला बांधलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं बहात्तर साल होतं. मी धाकट्याला बांधलं तेव्हा थोरल्याची रिकामी खोली होती. पोरगं त्या एका रात्री जेवढं होतं तेवढंच जन्मभर राहणार, असं धरून आम्ही स्क्रू आवळले. जितराब बोलत नाही म्हणून आपण त्याच्या गळ्यात हात घालून बघतो. पोरगं तर बोलत होतं, तरी हात घालून बघितलं नाही.

आता कुणी म्हणेल, असं असेल तर शब्दाला किंमत काय राहिली? ज्याला त्याला ऋतू बदलला म्हणायला काय जातंय? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला, आणि तो हलका नाही. कारण मी शब्दाला जागलो म्हणून आमची जमीन आज आमच्या नावावर आहे. मी हेडसरांच्या मागं गेलो असतो तर कदाचित आमच्याही रानात कुसळं उगवली असती. शब्द मोडणारा माणूस मी जवळून बघितलाय. घेतलेलं देणं दिलं नाही, बहिणीला कबूल केलेलं दिलं नाही, आणि वर "परिस्थिती बदलली" म्हणतो.

तरी मला फरक दिसतो. नानांनी लांबट भोक पाडलं ते मोजून पाडलं. कुठल्या दिशेनं, किती, हे आधी ठरवून. उजेडात. मोडणारा माणूस जागा नंतर पाडतो, अंधारात, आणि स्वतःला लागेल तेवढी. पहिल्याला मोकळीक म्हणतात, दुसऱ्याला पळवाट. आणि आधी जागा ठेवायची राहूनच गेली असेल, तर? तर नानांनी केलं तेच करायचं. फाटायची वाट न बघता दोघांनी मिळून स्क्रू काढायचे आणि शब्द पुन्हा नीट बसवायचा. त्यात थोडा पापुद्रा निघतो. ते सोसायचं.

अजून एक. ह्या सगळ्यात मी मनातल्या मनात गावाला सागवान आणि पुण्याला प्लाय ठरवून मोकळा झालो होतो. नानांना तसं बोललोही. ते म्हणाले, "प्लायला नावं ठिवू नका. त्येच्या जागी त्यो बराबर हाय. ह्योच सांगाडा नुसत्या लाकडाचा केला असता तर एवढ्या पैशांत झाला न्हवता. वाईट कुणीच न्हाई. एकमेकाचा सोभाव ठावं नसताना सांधा केला, ते वाईट." मग मला थोरल्याचं पुण्यातलं आयुष्य आठवलं. सकाळी आठला जातो, रात्री आठला येतो, हप्ते भरतो, आणि घर पाडताना पैसे त्यानंच दिले.

आणि ही. परतीच्या एसटीत मी हिला हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगायला लागलो. ती खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही दोघं बापलेक न हलणारं. मग इतकी सालं घर का फाटलं न्हाई, ह्येचा इचार केला का कधी?"

मी म्हणालो, "का?"

"सरकायचं काम मी करत हुते म्हणून."

कराड येईपर्यंत मी काही बोललो नाही. लांबट भोकातला स्क्रू दिसत नाही, तो पाटाखाली असतो. मला तो चाळीस वर्षं दिसला नव्हता.

घरी आल्यावर मी धाकट्याची वाट बघत बसलो. तो रानातनं आला, पाय धुतले. मी म्हणालो, "जरा बस."

तो बसला. नऊ महिन्यांनंतर.

मी म्हणालो, "त्या रात्री मी तुला हात ठेवायला लावला, ते चुकलं. ती शपथ मी मागं घेतो. गॅरेज टाक. दोन एकर वाट्यानं देऊ. राहिलेलं माझ्यानं होईल तोवर मी बघीन." मग थोडं थांबून म्हणालो, "एक गोष्ट मात्र पक्की ठेवूया. जमीन विकायची वेळ आली, तर तुम्ही दोघा भावांनी समोरासमोर बसून ठरवायचं. एकानं दुसऱ्याला अंधारात ठेवून नाही. बाकी तुम्ही कुठंही राहा, काहीही करा."

तो बराच वेळ खाली बघत होता. मला वाटलं, पोरगं गळ्यात पडंल, निदान बरं तरी म्हणेल. तो म्हणाला, "चवदा वर्सं गेली, तात्या."

एवढंच. रागानं नाही. हिशोब सांगावा तसं.

मला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. चूक मान्य केली म्हणजे ती भरून निघते, असं समजणारे खूप आहेत. मीही त्यांतलाच होतो. आता समजत नाही. टेबलावरची चीर नानांनी इतकी छान सांधली की नखाला लागत नाही, पण उन्हाची तिरीप पडली की रेघ दिसते. थोरला तिच्यावर काही टाकून झाकायला गेला, तर मीच नको म्हणालो.

गॅरेज चालू झालं. धाकटा सकाळी पाण्याची पाळी असेल तर रानात येतो, मग रस्त्यावर जातो. त्याचे हात आता तेलकट असतात आणि तोंड पूर्वीपेक्षा मोकळं. वाट्यानं दिलेल्या दोन एकरांत बांधाला हरळी माजलीय. ती बघितली की माझ्या पोटात कालवतं. ते मी कुणाला सांगत नाही. मोकळीक फुकट मिळत नाही, तिचा खर्च कुणीतरी उचलतो. या वेळी तो माझ्या वाट्याला आला, आणि येणं बरोबर होतं.

मेढीची चौथी फळी शिल्लक होती. धाकट्यानं ती मागून नेली. गॅरेजात पान्यांसाठी मांडणी करायची म्हणाला. परवा गेलो होतो तेव्हा सहज हात घालून बघितलं. लोखंडी अँगलवर फळी बसवलीय. पुढच्या कडेचा स्क्रू पक्का, आणि मागचा लांबट भोकात, वायसर घालून.

"हे कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

तो ट्रॅक्टरखाली होता. तिथूनच म्हणाला, "नाना आलं हुतं. पाना द्या जरा, चवदा नंबरचा."

मी पाना शोधून दिला.